पंपाचा पहिला घोट

मालेगावात मुंबई-आग्रा रस्त्याला लागून माझ्या मामूंचे गॅरेज होते. शाळेला सुट्टी लागली, की मी दुपारभर तेथेच असे. घरी परतल्यावर माझे काळे हात पाहून अम्मी रागावत असे. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेथे हजर. मला सर्वांत जास्त आवडायचे ते इंजिन बांधण्याचे काम. 'इंजिन बांधणे' हा गॅरेजातला शब्द आहे. दुरुस्तीसाठी सुटे केलेले इंजिन पुन्हा जोडणे, असा त्याचा अर्थ.

एके दिवशी एका ट्रकचे सहा सिलिंडरचे इंजिन बांधून होत आले होते. त्याचा ऑइल पंप झिजला होता, म्हणून नवा आणला होता. मामूंनी तो खोक्यातून बाहेर काढला. आता ते तो जागेवर बसवतील आणि बोल्ट आवळतील, असे मला वाटले. पण मामूंनी शागीर्दाला एक स्वच्छ परात आणायला सांगितली. तीत नवे इंजिन ऑइल ओतले. पंपाचे तोंड त्या ऑइलमध्ये बुडवले आणि पंपाचा दांडा बोटांनी हळूहळू फिरवायला सुरुवात केली. परातीत बुडबुडे आले.

"मामू, हे काय करता?" मी विचारले.

"पंपाला पहिला घोट पाजतो, बेटा. कोरडा पंप ऑइल ओढत नाही."

मला हे उत्तर चमत्कारिक वाटले. ऑइल ओढणे हेच तर पंपाचे काम! मग त्याला आधी हाताने ऑइल कशाला पाजायचे?

या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी आधी पंप ओढतो म्हणजे काय करतो, ते पाहू.

तुम्ही नळीने शरबत प्याला असाल. आपण शरबत ओढतो, असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे आपण नळीतील हवा थोडी काढून घेतो. त्यामुळे नळीतील दाब कमी होतो. बाहेरची हवा मात्र पेल्यातील शरबतावर पूर्वीइतकाच दाब देत असते. तो दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे 1 किलोग्रॅम वजनाइतका असतो. त्या दाबाने शरबत नळीत वर ढकलले जाते. नळीला मध्येच चीर पडली असेल तर काय होते? तुम्ही कितीही ओढले तरी चिरेतून हवा आत येत राहते आणि शरबत वर चढत नाही.

नळीतून पाणी वर घेणारे पंप फार जुने आहेत. दियारबकिर येथील दरबारात काम करणाऱ्या अल-जझरी या कारागिराने 1206 साली यंत्रांवरील आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात दोन सिलिंडरांच्या अशा एका पंपाचे वर्णन आहे. पाणी वर का चढते, याचे खरे कारण मात्र लोकांना पुढे कित्येक शतके ठाऊक नव्हते. इटलीतील तोरिचेल्ली याने 1643 साली पाऱ्याचा प्रयोग केला. त्यातून हवेला वजन असते आणि हवाच द्रवाला वर ढकलते, हे स्पष्ट होत गेले.

आता आपल्या ओळखीचे पंप घ्या. शेतात विहिरीवर बसवलेला विजेचा पंप तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. कधी कधी मोटार जोरात फिरते, पण पाइपातून पाण्याचा थेंब येत नाही. शेतकरी म्हणतो, "पंपाने हवा धरली." मग तो मोटार बंद करतो, पंपावरची चावी उघडून आत पाणी ओततो आणि हवा निघून गेल्यावर पुन्हा मोटार चालू करतो. या पंपात एक चक्र असते. ते पाण्याला गरगर फिरवून बाहेर फेकते. पंपात हवा असली, तर चक्र हवेलाच फेकू लागते. हवा इतकी हलकी असते, की तिला फेकून पुरेसा कमी दाब तयार होत नाही.

जुन्या हातपंपाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्या दट्ट्याला चामड्याचा वायसर असतो. पंप बरेच दिवस बंद राहिला, की चामडे वाळून आक्रसते आणि कडेने हवा निसटते. अशा वेळी घरातील माणसे वरून लोटाभर पाणी ओततात. चामडे ओले होऊन फुगते, फट बुजते आणि पंप पाणी देऊ लागतो. इंजिनचा ऑइल पंप या हातपंपाचा भाऊ आहे, असे म्हणायला हरकत नाही. त्यात चामडे नसते. पण फट बुजवण्याचे काम तेथेही द्रवालाच करावे लागते.

ट्रकच्या इंजिनात बहुधा दातेरी चाकांचा पंप असतो. अशा पंपाची कल्पना आकाशातील ग्रहांच्या गतीचे नियम शोधणाऱ्या केप्लरलाही सतराव्या शतकाच्या सुरुवातीस सुचली होती. धातूच्या एका घट्ट घरात दोन दातेरी चाके एकमेकांत अडकून फिरतात. एका बाजूने ऑइल आत येते, दुसऱ्या बाजूने बाहेर जाते. पुष्कळांना वाटते, की ऑइल दोन चाकांच्या मधून जाते. मलाही तसेच वाटत होते. मामूंनी पंपाचे झाकण उघडून दाखवले, तेव्हा कळले. मध्ये तर दात एकमेकांत घट्ट बसलेले असतात. तेथून ऑइल जाणार कसे? ऑइल जाते ते बाहेरच्या कडेने. आत येण्याच्या बाजूला दात एकमेकांपासून सुटतात, तेथे मोकळी जागा तयार होते आणि ऑइल त्या जागेत शिरते. मग दोन दातांमधील खाचेत बसून ते घराच्या भिंतीलगत पलीकडे जाते. पलीकडे दात पुन्हा एकमेकांत शिरतात. खाचेतली जागा संपते आणि ऑइलला बाहेर पडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

हे सारे नीट चालण्यासाठी चाके घरात अगदी मापात बसावी लागतात. तरीही चाक फिरायचे म्हणजे थोडी फट ठेवावीच लागते. ही फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी, म्हणजे साधारण केसाच्या जाडीइतकी असते. पंपात ऑइल असले, तर या फटीत ऑइलचा थर बसतो. ऑइल घट्ट असते. एवढ्या बारीक फटीतून ते सहज मागे पळू शकत नाही. हवेचे तसे नाही. ती इंजिन ऑइलपेक्षा हजारो पटींनी पातळ आहे. पंप कोरडा असला, की चाकांनी पलीकडे नेलेली हवा त्याच फटींतून पुन्हा अलीकडे येते. चाके फिरतात आणि हवा आतल्या आत घोटाळत राहते. चिरलेल्या नळीने शरबत पिण्यासारखेच हे झाले.

कोणी म्हणेल, ऑइल तर वीतभरच वर चढवायचे असते. हे खरे आहे. इंजिनच्या तळाशी ऑइलचे भांडे असते. त्याला गॅरेजात 'चेंबर' म्हणतात. चेंबरातील ऑइल 20 सेंटिमीटर वर आणायला हवेच्या दाबाचा साठावा भागसुद्धा पुरतो. म्हणूनच काही नवे पंप कोरडे बसवले, तरी थोड्या वेळाने आपोआप ऑइल धरतात. काही पंप तर ऑइलमध्येच बुडालेले असतात. पण 'थोड्या वेळाने' म्हणजे नेमके किती वेळाने, हे कोणीच सांगू शकत नाही. थंडीच्या दिवसांत ऑइल घट्ट झालेले असते, नळी लांब असते, मध्ये कोरडा फिल्टर असतो. आणि इंजिनला तर सेकंदांचा हिशेब असतो.

तो हिशेब असा. डिझेल इंजिन अगदी सावकाश चालले, तरी त्याचा क्रँक मिनिटाला सुमारे 600 फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला 10 फेरे झाले. प्रत्येक स्फोटाच्या वेळी पिस्टनवर टनांत मोजावा एवढा भार येतो. पिस्टन तो क्रँकवर टाकतो. क्रँक ज्या पाळण्यांत फिरतो, त्यांना बेअरिंग म्हणतात. ती अर्धगोल पट्ट्यांची असतात आणि त्यांच्या आतल्या बाजूला मऊ धातूचा पातळ थर असतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्येही केसाएवढीच फट असते. त्या फटीत ऑइल असते, म्हणून इंजिन वर्षानुवर्षे चालते.

टनाचा भार एवढासा ऑइलचा थर कसा पेलतो? याचा शोध योगायोगाने लागला. इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. त्याने बेअरिंगच्या वरच्या बाजूला ऑइल सोडण्यासाठी एक भोक पाडले. आस फिरू लागला, तेव्हा त्या भोकातून ऑइल आत जाण्याऐवजी उलट बाहेर येऊ लागले! त्याने बूच लावले. बूच बाहेर ढकलले गेले. लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर आली. मग त्याने दाब मोजण्याचे घड्याळ लावले. चौरस इंचाला 200 पौंड ही त्या घड्याळाची मर्यादा होती आणि काटा तिच्या पुढे गेला. हा अहवाल 1883 साली प्रसिद्ध झाला. पुढे 1886 साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने त्याचे गणित मांडले. फिरणारा आस चिकट ऑइलला आपल्याबरोबर ओढून अरुंद होत जाणाऱ्या फटीत कोंबतो. तेथे ऑइलची जणू पाचर तयार होते आणि त्या पाचरीवर आस उचलला जातो. धातू धातूला लागतच नाही.

म्हणजे क्रँकला उचलून धरणारा दाब पंप देत नाही. तो दाब क्रँक स्वतःच फिरून निर्माण करतो. पंपाचे काम फक्त त्या फटीला सतत ताजे ऑइल पुरवण्याचे. पण ऑइलच पोहोचले नाही, तर पाचर कशाची होणार?

हे सांगता सांगता मामूंनी टेबलाचा खण उघडला आणि एक वस्तू माझ्या हातावर ठेवली. ती बेअरिंगची अर्धी पट्टी होती. तिचा आतला करडा थर ठिकठिकाणी खरवडून गेला होता आणि खालचा तांबूस धातू दिसत होता. एक कड काळीनिळी पडली होती.

"ही माझी कमाई," मामू म्हणाले.

त्या वेळी मामू पंधरा-सोळा वर्षांचे होते आणि दुसऱ्या गावी एका गॅरेजात काम शिकत होते. एक ट्रक आला होता. तो ज्या चाचांचा होता, ते स्वतःच तो चालवत. ट्रक हप्त्यांवर घेतलेला होता. इंजिन बांधून झाले होते, फक्त पंप आणि चेंबर बसवायचे राहिले होते. उस्ताद सामान आणायला बाजारात गेले होते. इकडे मुंबईला जाणाऱ्या कापडाच्या गाठी तयार होत्या आणि चाचा घाई करत होते. मामूंनी नवा पंप खोक्यातून काढला, तसाच बसवला, चेंबर लावले, ऑइल भरले आणि इंजिन सुरू केले. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. सगळे खूश झाले. ऑइलच्या दाबाचा काटा तेवढा शून्यावर होता. चाचा म्हणाले, "काट्याची नळी तुंबली असेल, नंतर बघू." मामूंनाही ते पटले.

"दोन-तीन मिनिटे झाली असतील," मामू सांगत होते. "आधी बारीक किरकिर ऐकू आली. मग आतून कोणी हातोडा मारावा तसा ठोका. मी बंद करायला धावलो, तोवर इंजिन आपणच थांबले. पुन्हा फिरेना."

इंजिन पुन्हा खोलावे लागले. बेअरिंगचा थर क्रँकला चिकटला होता. क्रँक घासून गुळगुळीत करण्यासाठी दुसऱ्या शहरात पाठवावा लागला आणि क्रँक बारीक झाल्यामुळे त्या मापाची नवी बेअरिंग शोधावी लागली. ट्रक बारा दिवस उभा राहिला. कापडाच्या गाठी दुसऱ्याच ट्रकने गेल्या. त्या महिन्याचा हप्ता चाचांनी कोठून भरला, हे मामूंना कधीच कळले नाही. विचारण्याचे धाडसही झाले नाही. उस्ताद मामूंवर ओरडले नाहीत. त्यांनी ही पट्टी फक्त मामूंच्या खिशात टाकली.

मामूंनी पट्टी परत खणात ठेवली आणि आम्ही पुन्हा परातीकडे वळलो. त्यांची पद्धत मी त्या दिवशी नीट पाहून घेतली.

परातीत बुडवण्याआधी पंप डिझेलने धुतलेला होता, कारण नव्या पंपाला गंज लागू नये म्हणून कारखान्यात त्यावर चिकट थर दिलेला असतो. धुतल्यावर तो हवेच्या झोताने सुकवला होता. पुसायला सुताचा गुंता वापरायचा नाही, असा मामूंचा नियम होता. त्याचा एखादा धागा आत राहिला, तर पुढे एखादे बारीक भोक बुजवतो. चाकांची फटही मामूंनी फीलरच्या पातळ पात्यांनी आधीच मोजून ठेवली होती. पंपाला दाबाची एक झडप असते. दाब फार वाढला, तर ती उघडते. ती स्प्रिंगवर मोकळी सरकते का, हे त्यांनी काडीने दाबून पाहिले होते. नवी वस्तू म्हणजे चांगलीच वस्तू, असे ते कधी धरून चालत नसत. मला वाटते, हे गॅरेजाबाहेरही उपयोगी पडेल.

दांडा कोणत्या दिशेने फिरवायचा, यालाही महत्त्व आहे. पंप इंजिनात ज्या दिशेने फिरणार, त्याच दिशेने तो फिरवायचा. उलट फिरवला, तर तो ऑइल ओढण्याऐवजी बाहेर ढकलील. मामू फिरवत राहिले. पहिल्यांदा बुडबुडे आले. मग दुसऱ्या तोंडातून फेसाळलेले ऑइल आले आणि शेवटी फेस जाऊन स्वच्छ, अखंड धार लागली.

"आता अंगठा लाव," मामू म्हणाले.

मी बाहेर पडण्याच्या तोंडावर अंगठा दाबून धरला. मामूंनी दांडा जेमतेम पाव फेरा फिरवला असेल. आतून कोणीतरी माझा अंगठा ढकलल्यासारखे वाटले. मी जोर लावला. तरी ऑइल अंगठ्याच्या कडेने सुटले आणि माझ्या सदऱ्यावर उडाले. शागीर्द मोठ्याने हसला. मला मात्र अम्मीची आठवण झाली.

पंप लगेच बसवला. बसवताना त्यातले थोडे ऑइल गळून गेले. त्याची काळजी नसते. दातांवर आणि फटींत जो थर राहतो, तोच महत्त्वाचा. पंप आणि ओढणारी नळी यांच्यामध्ये नवे पॅकिंग लावले. या जागी पॅकिंग फाटले असेल, तर पंपाला कितीही पाजा, तो ऑइलऐवजी हवाच ओढत राहील. नवा फिल्टर बसवण्याआधी तोही ऑइलने भरून घेतला, म्हणजे पंपाची पहिली मेहनत रिकामा फिल्टर भरण्यात जात नाही.

काही इंजिनांत पंप चेंबरापासून दूर, वरच्या बाजूला असतो. इंग्लंडच्या रोव्हर कंपनीच्या आठ सिलिंडरच्या इंजिनात असा पंप होता. बसवेपर्यंत त्यातले ऑइल गळून जाई. म्हणून त्याच्या चाकांमधील सगळ्या खाचा पेट्रोलियम जेलीने, म्हणजे आपल्या ओळखीच्या व्हॅसलीनसारख्या पदार्थाने, भरायला सांगत. जेली गळत नाही, फट बुजवते आणि इंजिन तापल्यावर ऑइलमध्ये विरघळून जाते. जेलीऐवजी ग्रीस भरू नये. ग्रीस तसे विरघळत नाही आणि त्याचा गोळा अरुंद वाटेत अडकू शकतो.

चेंबर बसले. मापाच्या पट्टीवरील खुणेपर्यंत ऑइल भरले गेले. आता इंजिन सुरू होणार, म्हणून मी कानांवर हात ठेवले. पण मामूंनी डिझेल बंद करण्याची दोरी ओढून धरायला सांगितली. मग शागीर्दाने स्टार्टर दाबला. डिझेल मिळत नसल्याने स्फोट होत नव्हते. इंजिन नुसतेच सावकाश फिरत होते. क्रँकवर भार नव्हता आणि पंपाला मात्र काम करायला वेळ मिळत होता. दहा सेकंद फिरवले आणि थांबले. स्टार्टर तापू नये आणि बॅटरी उतरू नये, म्हणून मध्ये थोडी विश्रांती. पुन्हा दहा सेकंद. काटा शून्यावर होता. मी मामूंकडे पाहिले. ते काट्याकडे पाहत होते.

आजच्या मोटारींत अनेकदा काटा नसतो. त्याऐवजी तेलाच्या कुपीचे चित्र असलेला लाल दिवा असतो. चावी फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू होऊन ऑइलला दाब आला की विझतो. इंजिन चालू असताना तो दिवा पेटला, तर गाडी ताबडतोब थांबवून इंजिन बंद करायचे असते.

तिसऱ्या खेपेला काटा थरथरला. मग तो हळूहळू उचलला गेला आणि 1 च्या खुणेजवळ आला. "धरले," शागीर्द म्हणाला. मामूंनी तरी आणखी एकदा फिरवायला लावले. मग दोरी सोडायला सांगितली.

इंजिन गुरगुरले, खोकले आणि सुरू झाले. धुराचा एक काळा लोट गेला. काटा 3 च्या पुढे जाऊन स्थिर झाला. मामूंनी इंजिनला कान लावला, चेंबराच्या कडेने बोट फिरवून गळती पाहिली आणि इंजिन पाच मिनिटे सावकाश चालू दिले. ट्रकचे मालक दाराशी उभे होते. त्यांना संध्याकाळपर्यंत नाशिकला पोहोचायचे होते, पण ते काही बोलले नाहीत. तेही काट्याकडेच पाहत होते.